प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, खाशाबांनी ऑलिंपिकचं पदक आणलं आणि मग ते कर्जही फेडलं

2018 साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं कुस्तीच्या 57 किलो गटात सुवर्णपदक जिंकलं आणि अख्ख्या मराठवाड्यात गुलाल उधळला गेला. पुढे राज्य सरकारनं त्याला थेट पोलीस उपअधीक्षक केलं.

याच 57 किलो गटात, 66 वर्षांपूर्वी, आणखी एका मराठी पैलवानानं भारताला पदक मिळवून दिलं होतं. तोही पुढे पोलीस खात्यात गेला. पण त्याच्या वाट्याला आलं ते फार वेगळं होतं. त्या पैलवानाचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

15 जानेवारी 1926 ला कराडजवळच्या गोळेश्वर गावात खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे कुस्तीचे धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. अंगानं लहानखुरे, पण चपळाई अशी की समोरच्याला डाव कळेपर्यंत कुस्ती संपलेली असायची. लोक त्यांना पॉकेट डायनॅमो म्हणायचे.

1948 च्या लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा लाल मातीत वाढलेले, मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियमही नवीन. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. तिथंच त्यांनी ठरवलं, पुढच्या वेळी पदक आणायचंच.

पण 1952 च्या हेलसिंकीची वाट सोपी नव्हती. निवड चाचणीत एका गुणानं त्यांना मागे टाकण्यात आलं. आपल्यावर अन्याय झालाय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी ती मारली.

निवड झाली, पण पैसे कुठून आणायचे? सरकारी मदत पुरेशी नव्हती. मग गोळेश्वर आणि आसपासच्या गावांत वर्गणी सुरू झाली. ज्याला जमेल तसं त्यानं दिलं. तरी रक्कम कमीच पडत होती. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं आणि 7000 रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यावर एवढा विश्वास!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत युनियनचा रशीद मामेदबेकोव यांच्याकडून मात्र ते हरले. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला मॅटजवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता, असं सांगितलं जातं. दमलेल्या अंगानंच त्यांना खेळावं लागलं. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळालं.

तारीख होती 23 जुलै 1952. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्याच दिवशी हॉकी संघानं सुवर्ण जिंकलं आणि देशाचं लक्ष तिकडं गेलं.

कराडकर मात्र विसरले नाहीत. शंभराहून जास्त बैलगाड्या सजवून खाशाबांची मिरवणूक काढण्यात आली. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतचा एरवी थोड्या वेळाचा रस्ता संपता संपेना. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं गहाण घर सोडवलं.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. 1956 च्या ऑलिंपिकआधी गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि दुसऱ्या पदकाचं स्वप्न तिथंच थांबलं. पुढची वर्षं नोकरीत गेली. सहाय्यक पोलीस आयुक्त होऊन ते निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

जिवंतपणी त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म पुरस्कार. त्यांच्यानंतर दुसरं वैयक्तिक पदक यायला 44 वर्षं लागली, 1996 मध्ये टेनिसपटू लिअँडर पेसनं ते आणलं. कुस्तीत तर पुढच्या पदकासाठी 2008 च्या सुशील कुमारपर्यंत थांबावं लागलं. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो 2000 सालचा, म्हणजे खाशाबा जाऊन 16 वर्षं झाल्यावर. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. आता महाराष्ट्रात 15 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

आज पाटोद्याचा पोरगा पदक आणतो आणि त्याच्या अंगावर थेट अधिकाऱ्याची वर्दी चढते, ही चांगलीच गोष्ट आहे. ज्या काळात यातलं काहीच नव्हतं, त्या काळात गावाच्या वर्गणीवर आणि एका मास्तरांच्या घरावर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक उभं राहिलं होतं.