राष्ट्राचा संताप व नाइटिंगेलबाईंची मोजणी

राज्यकारभार बिघडला, अधिकारी बेपर्वा झाले, पूर्वीचे वैभव लयास गेले, असे गाऱ्हाणे चावडीवर किंवा पारावर कोणी ऐकले नाही? असे गाऱ्हाणे पुष्कळ वेळा खरेही असते. परंतु ते बोलून झाल्यावर मंडळी आपापल्या घरी जातात, आणि ज्याबद्दल बोलणे झाले ते होते तेथेच राहते. एकशेसत्तर वर्षांमागे इंग्लंडातील लोकांनी आपल्या सरकाराविरुद्ध असेच मोठे गाऱ्हाणे केले. त्या समयी संतापाच्या पुढे जाऊन काम करणारी जी बाई निघाली, तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हाती दिवा घेऊन रोग्यांच्या खाटांमधून फिरणारी बाई म्हणून आमचे वाचक तीस ओळखतातच. परंतु तिचे अधिक मोठे काम त्या दिव्यानंतरचे आहे, व तेच आम्ही आज सांगू इच्छितो.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी झाला, म्हणून त्यांस ते नाव मिळाले. वडील श्रीमंत जमीनदार होते. त्यांनी आपल्या मुलीस ल्याटिन व ग्रीक हे विषय स्वतः शिकविले. १८३७ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, सतराव्या वर्षाच्या आत, देव आपणांस सेवेस बोलावीत आहे अशी त्यांच्या मनाची खातरी झाली. परंतु ती सेवा कोणती हे कळावयास पुष्कळ काळ लोटला. आणि रोग्यांची शुश्रूषा हीच ती, असे ठरल्यावर घरच्यांनी कडकडून विरोध केला. त्या काळी इंग्लंडात दवाखान्यातील परिचारिकेचा धंदा हलका समजत, व कुलीन घरच्या मुलीने तो करणे ही लाजेची गोष्ट होती. अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे पाळक फ्लीड्नर यांच्या संस्थेत त्या तीन महिने राहिल्या. तेथे मंडळीच्या सेविका दवाखाना व अनाथगृह चालवीत असत. त्यांच्याबरोबर पहाटे उठून, साधे अन्न खाऊन बाई काम शिकल्या. १८५३ साली लंडन येथील आजारी स्त्रियांच्या एका लहान दवाखान्याची व्यवस्था त्यांच्याकडे आली.

आता त्या वेळच्या इंग्लंडाची स्थिती पाहू. १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाल्यापासून त्या राष्ट्रास युरोपात मोठे युद्ध करावे लागले नव्हते. चाळीस वर्षे जुन्या विजयाच्या अभिमानावर गेली. सैन्यातील अधिकाराच्या जागा पुष्कळशा पैसे देऊन विकत घेता येत असत. सैन्याचा कारभार अनेक कचेऱ्यांत वाटला गेला होता. धान्य व चारा पुरविणारे रसदखाते तर युद्धमंत्र्याच्या नव्हे, तिजोरीखात्याच्या हाताखाली होते. एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवावे, दुसरीने तिसरीकडे, अशी रीत पडून गेली होती. शांततेच्या दिवसांत हे सर्व झाकून राहिले.

१८५४ सालच्या मार्चात इंग्लंड व फ्रान्स यांनी रशियाशी युद्ध पुकारले, आणि सप्टेंबरात त्यांचे सैन्य काळ्या समुद्रातील क्रिमिया द्वीपकल्पावर उतरले. लढाईत शिपाई शौर्याने लढले. परंतु हिवाळा आला तेव्हा कारभाराचे पितळ उघडे पडले. १४ नोव्हेंबरच्या वादळात गरम कपड्यांचे जहाज बुडाले. बालाक्लाव्हाच्या बंदरातून छावणीपर्यंतचा काही मैलांचा रस्ता चिखलाने बंद झाला. बंदरात माल पडून होता आणि वर डोंगरावर शिपाई उपाशी व उघडे होते. त्यांस कॉफीचे हिरवे दाणे न भाजताच वाटण्यात आले, आणि भाजण्यास सरपण नव्हते. रक्तपितीच्या रोगावर उपाय म्हणून आलेला लिंबाचा रस हुकुमाच्या अभावी वखारीत पडून राहिला. जखमी व आजारी लोकांस जहाजात कोंबून समुद्रापलीकडे, कॉन्स्टँटिनोपलच्या समोर स्कुटारी येथे नेत. तेथे तुर्कांच्या एका प्रचंड बराकीत इंग्रजांचा दवाखाना होता.

ही हकीकत टाइम्स पत्राच्या बातमीदारांनी लिहून कळविली. युद्धभूमीवरील बातमी इतक्या लवकर घरोघर पोहोचण्याचा इंग्लंडास हा नवा अनुभव होता. शेजारी फ्रेंच सैन्याची व्यवस्था बरी आहे, त्यांच्या रोग्यांस धर्मभगिनी सांभाळतात, आणि आमचे शिपाई मात्र जमिनीवर पडून मरतात, हे वाचून लोकांस लाज वाटली व क्रोधही आला. ज्या राष्ट्रात रेल्वे व कारखाने आहेत, त्या राष्ट्रास आपल्या सैन्यास कांबळी पोहोचविता येऊ नयेत, हे कोणास सहन होईल? लोकांनी वर्गणी जमविली. मंत्रिमंडळातील सिडनी हर्बर्ट यांचा बाईंशी जुना स्नेह होता. त्यांच्या विनंतीवरून बाई ३८ परिचारिकांसह निघून ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीस पोहोचल्या.

तेथे काय होते? मैल मैल लांबीच्या ओसऱ्यांतून रोगी दाटीने पडलेले, अंगावर उवा, धुण्यास भांडी नाहीत, नेसण्यास सदरे नाहीत. लष्करी डॉक्टरांस बाईमाणसाची लुडबूड नको होती. बाईंनी भांडण केले नाही. डॉक्टर बोलावीपर्यंत त्या थांबल्या. पुढे रोगी लोटले तेव्हा बोलावणे आपोआप आले. त्यांनी वर्गणीच्या पैशाने बाजारातून सामान घेतले, धुण्याचे घर उघडले, पथ्याचे अन्न शिजविले, आणि मरणाऱ्यांच्या वतीने त्यांच्या घरी पत्रे लिहिली.

इकडे लंडनात क्रोध पराकाष्ठेस गेला. २९ जानेवारी १८५५ रोजी पार्लमेंटात रोबक नावाच्या सभासदाचा चौकशीचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी पास झाला, आणि लॉर्ड अबर्डीन यांचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेले. लॉर्ड पामरस्टन मुख्य प्रधान झाले. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या व्यापाऱ्यांनी राज्यकारभार सुधारण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. मोठाल्या सभा झाल्या, जोराची भाषणे झाली. परंतु युद्ध संपताच ती मंडळी विरून गेली.

वाचकांनी आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरकार पडले, परंतु शिपायांचे मरण थांबले नाही. नवे प्रधान आले त्याच फेब्रुवारी महिन्यात स्कुटारीत शंभर रोग्यांमागे सुमारे ४२ मरत होते, आणि तेव्हा नाइटिंगेलबाई तेथे तीन महिने अहोरात्र राबत होत्या! मार्च महिन्यात डॉक्टर सदरलंड व इंजिनियर रॉलिन्सन यांचे आरोग्य कमिशन आले. त्यांनी जमिनीखाली पाहिले. बराकीच्या खाली तुंबलेली गटारे होती, आणि त्यांची दुर्गंधी रोग्यांच्या खोल्यांत शिरत होती. पाण्याच्या पाटात मेलेला घोडा सापडला. त्यांनी गटारे धुऊन काढली, उकिरडे व मेलेली जनावरे गाड्या भरून नेली, भिंतींस चुना दिला व खोल्यांत हवा खेळविली. जून महिन्यात मरणाचे प्रमाण शंभरी दोनवर आले.

१८५६ सालच्या ऑगस्टात बाई गाजावाजा टाळण्यासाठी खोट्या नावाने प्रवास करून घरी परतल्या. लोक त्यांचे पोवाडे गात होते, आणि युद्धाचा विसर पडू लागला होता. परंतु त्या युद्धात इंग्रजांचे सुमारे २१,००० लोक मेले होते, व त्यांपैकी १६,००० हून अधिक रोगाने मेले होते. बाईंनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेऊन चौकशीची मागणी केली. युद्धखात्याने महिनोन्महिने टाळाटाळ केली. बाईंनी पिच्छा सोडला नाही, आणि १८५७ साली रॉयल कमिशन नेमले गेले. मरणांच्या नोंदीत प्रवीण असलेले विल्यम फार यांच्यासह बाई महिनावार आकडे मांडून बसल्या. युद्ध चालू असता त्यांची समजूत अशी होती की, अन्नवस्त्राच्या टंचाईने शिपाई मरण्याच्या स्थितीतच दवाखान्यात येत. आकड्यांनी निराळेच सांगितले. सर्वांत अधिक मरणे त्यांच्या स्वतःच्या स्कुटारीच्या दवाखान्यात झाली होती, आणि गटारे साफ होईपर्यंत ती थांबली नव्हती. हे सत्य किती कडू असेल! तरीही बाईंनी ते आपल्या अहवालात लपविले नाही. आकडे न वाचणाऱ्या मंत्र्यांसाठी त्यांनी रंगीत चक्राकार चित्रे काढली, म्हणजे रोगाने किती मेले व जखमेने किती, हे एका दृष्टिक्षेपात कळावे. इंग्लंडातच शांततेच्या काळी बराकीत राहणारे तरुण शिपाई बाहेरच्या त्याच वयाच्या लोकांच्या दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी सिद्ध केले. त्यावरून बराकी व दवाखाने सुधारले गेले. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस दवाखान्यात त्यांच्या नावच्या निधीतून परिचारिकांची शाळा निघाली.

त्यानंतर त्यांची दृष्टी आपल्या देशाकडे वळली. त्या हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत, परंतु छावणी छावणीस प्रश्न पाठवून त्यांनी माहिती मिळविली. १८६३ सालच्या अहवालात दिसून आले की, येथील गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ माणसे दरवर्षी मरतात, आणि कारण लढाई नसून घाण पाणी व दाटी हे आहे. पुढे खेड्यांतील रयतेचे पाणी, दुष्काळ व सावकारी कर्ज यांविषयीही त्यांनी लिहिले, आणि १८७८ साली दुष्काळाच्या संबंधात आपल्याच देशाच्या सरकारास दोष देण्यास त्या कचरल्या नाहीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

त्या निर्दोष होत्या असे आम्ही म्हणत नाही. स्वभाव करडा होता. सिडनी हर्बर्ट आजारी असताही त्यांस बाईंनी विसावा दिला नाही, आणि १८६१ साली ते वारले. रोग सूक्ष्म जंतूंपासून होतात हे बाईंस पुष्कळ वर्षे पटले नाही. युद्धात जडलेल्या दुखण्याने त्या स्वतः बहुतेक आयुष्य खोलीतच होत्या, आणि तेथूनच हे सर्व काम झाले. १३ ऑगस्ट १९१० रोजी नव्वदाव्या वर्षी त्या निवर्तल्या. राजेलोकांच्या शेजारी वेस्टमिन्स्टर येथे पुरण्याची सूचना कुटुंबाने नाकारली. ईस्ट वेलो या खेड्यातील उपासनामंदिराच्या आवारात त्यांस पुरले, आणि दगडावर नावाची दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूची नोंद एवढेच कोरले.

बंधुभगिनींनो, इंग्लंडातील लोकांचा संताप खरा होता, व तो नसता तर कमिशनही गेले नसते. म्हणून अन्यायाविषयी बोलणे पाप आहे असे कोणी समजू नये. परंतु संतापाने प्रधान बदलला. गटार मात्र कोणीतरी खाली वाकून साफ केले तेव्हाच माणसे वाचली. आमच्या गावच्या विहिरीजवळ पाणी साचले असेल, तर पंचायतीस अवश्य सांगावे. सांगण्यापूर्वी किती घरांत ताप आला हे वहीत लिहून न्यावे, आणि आपल्या स्वतःच्या अंगणातून कोणते पाणी तिकडे वाहते, तेही त्याच वहीत लिहावे.