एम्प्रेस मिलचे शिल्पकार जमशेटजी टाटा

भारतीय उद्योगाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या जमशेटजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. त्या काळी भारतातील कापूस लँकेशायरला जाई आणि तेथे विणलेले कापड येथील बाजारपेठेत येई.

कापड गिरण्या मुंबईत एकवटत असताना जमशेटजींनी कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील नागपूरची निवड केली. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. लँकेशायरमध्ये म्यूल यंत्रांवरच भर असताना त्यांनी रिंग चात्या आणल्या. कताई आणि गुंडाळणी एकाच वेळी होत असल्याने सुताचे उत्पादन वाढले.

कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. त्यावर उपाय म्हणून बक्षिसे देण्यात आली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, तर १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. नियोजित पोलाद कारखाना आणि बंगळूरची विज्ञान संस्था त्यांना पाहता आली नाही. मात्र यंत्र आणि माणूस या दोहोंवर केलेला खर्च वाया जात नाही, हे नागपूरच्या गिरणीने त्यांच्या हयातीतच सिद्ध केले होते.