वर्तुळांचे जॉन वेन

संचांची उदाहरणे सोडवताना आपण एकमेकांना छेदणारी वर्तुळे काढतो. ज्यांच्या नावाने ही आकृती ओळखली जाते, त्या जॉन वेन यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

वेन यांचा जन्म ४ ऑगस्ट १८३४ रोजी इंग्लंडमधील हल येथे झाला. तीन वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. घराण्यात धर्मोपदेशकांची परंपरा होती. १८५७ साली केंब्रिजमधून गणिताची पदवी घेतल्यावर तेही धर्मोपदेशक झाले. मात्र १८६२ मध्ये केंब्रिजला परतून ते तर्कशास्त्र शिकवू लागले. पुढे विचार बदलल्यावर, १८८३ मध्ये, त्यांनी धर्मोपदेशकाचे पद सोडले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

अशी वर्तुळे त्यांच्या आधी ऑयलर यांनीही वापरली होती. त्यांत दोन संचांचा संबंध आधी ठाऊक असावा लागे. सामाईक घटक नसतील, तर वर्तुळे वेगवेगळी काढायची. १८८० च्या लेखात वेन यांनी हा क्रम बदलला. आधी प्रत्येक शक्यतेला आकृतीत जागा द्यायची आणि मिळालेल्या माहितीवरून जो भाग रिकामा ठरेल तो छायांकित करायचा.

उदाहरण सोडवताना हीच दृष्टी उपयोगी पडते. वर्गात ४० मुले आहेत. २५ क्रिकेट खेळतात, १८ कबड्डी, तर १० दोन्ही. येथे सूत्र पुरते : २५ + १८ − १० = ३३, म्हणून ७ मुले काहीच खेळत नाहीत. संच तीन झाले की आकृती काढावी आणि मधल्या भागापासून भरत यावे. कारण गणित व विज्ञान आवडणारी ९ मुले असतील आणि त्यांपैकी ४ जणांना इतिहासही आवडत असेल, तर फक्त पहिले दोनच विषय आवडणारी ५ उरतात. येथेच अनेकांचे गुण जातात. चार संचांना वर्तुळे पुरत नाहीत. वेन यांनी त्यासाठी लंबवर्तुळे वापरली. आपल्याला तेथे तक्ता अधिक सोयीचा.

वेन यांना यंत्रांचीही आवड होती. त्यांच्या गोलंदाजी यंत्राने १९०९ मध्ये ऑस्ट्रेलियन संघातील एका फलंदाजाचा त्रिफळा उडवला! पुत्रासह त्यांनी केंब्रिजच्या माजी विद्यार्थ्यांची प्रचंड चरित्रसूचीही हाती घेतली. ४ एप्रिल १९२३ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकांना आमची एकच विनंती आहे. उत्तर बरोबर आले का, हे विचारण्याआधी हीच रीत का निवडली, हे मुलांना विचारावे. सूत्र पाठ असूनही चुकणारे मूल कच्चे नसते. बहुधा त्याने एखाद्या शक्यतेला जागाच ठेवलेली नसते.