फिशर यांची शंका आणि फिशर यांचे शास्त्र

रोगाचे कारण शोधताना वैद्यकापुढील मोठी अडचण असते ती एकमेकांत गुंतलेल्या कारणांची. धूम्रपान करणारा मनुष्य वयाने, आहाराने, व्यवसायाने आणि कदाचित आनुवंशिक घडणीनेही इतरांहून वेगळा असू शकतो. मग त्याच्या रोगाचे खापर कोणाच्या माथी फोडावयाचे? हा गुंता सोडविण्याची साधने ज्यांनी घडविली, त्यांत सर रोनाल्ड फिशर अग्रभागी होते. तरीही जीवनमरणाच्या एका प्रश्नावर ते चुकीच्या बाजूस उभे राहिले.

फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. दृष्टी अतिशय अधू. दिव्याच्या प्रकाशात वाचण्यास मनाई असल्यामुळे त्यांना गणिताचे पाठ कागदपेन्सिलीवाचून घ्यावे लागले आणि आकृती मनातच उभी करण्याची सवय जडली. केंब्रिजची पदवी १९१२ मध्ये मिळवून ते १९१९ मध्ये रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रुजू झाले. पीक वाढले ते खतामुळे, पावसामुळे की जमिनीच्या कसामुळे, हा तेथला नित्याचा प्रश्न होता. खते कोणत्या वाफ्यास द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे ज्ञात-अज्ञात इतर कारणे कोणा एकाच खताच्या पदरात पडत नाहीत, हा त्यांनी दिलेला उपाय. १९२५ व १९३५ मधील त्यांच्या दोन ग्रंथांनी ही दृष्टी जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचविली.

१९३६ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. आयरिस फुलांच्या पाकळ्या व निदले यांच्या लांबी-रुंदीची चार मापे एकत्र घेऊन, प्रत्येकास योग्य भार देऊन, फुलाची जात ओळखणारे सूत्र त्यांनी मांडले. बहुचल विश्लेषणाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

माणसांना मात्र चिठ्ठ्या टाकून सिगारेटी वाटता येत नाहीत. १९५० मध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांच्या पाहणीवरून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला, तेव्हा फिशर यांना हीच उणीव खटकली. १९५७ पासून त्यांनी जाहीर विरोध आरंभिला. धूम्रपानाची ओढ आणि कर्करोगाची प्रवृत्ती ही दोन्ही एकाच आनुवंशिक कारणाची फळे असू शकतील, असा त्यांचा तर्क होता. ते स्वतः पाइप ओढीत आणि तंबाखू उत्पादकांच्या संघटनेचे सल्लागारही होते. पण हेतूविषयी संशय घेतल्याने युक्तिवाद खोटा ठरत नाही. त्यास उत्तर द्यावे लागते.

ते उत्तर अमेरिकेतील जेरोम कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दिले. सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोगाचा धोका नऊपट असेल आणि तो सर्वस्वी एखाद्या छुप्या कारणामुळे असेल, तर ते कारणही ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या निदान नऊपट आढळले पाहिजे. इतके बलवान कारण कोणासही दाखविता आले नाही. मोघम शंकेस आकड्यांचे माप लागले आणि तिचे बळ ओसरले.

फिशर यांचे २९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे निधन झाले. त्याच वर्षी कॉर्नफील्ड यांनी फिशर यांच्याच १९३६ च्या पद्धतीने, रक्तदाब व कोलेस्टेरॉल मिळून हृद्रोगाचा धोका किती वाढवितात, हे मांडले. त्यासाठी आकडे होते फ्रॅमिंगहॅम या अमेरिकी गावात १९४८ पासून चाललेल्या ५,२०९ जणांच्या पाहणीतले. १९६७ मध्ये घटक सात झाले. सिगारेट त्यांतील एक. सात घटकांच्या प्रत्येकी तीन पायऱ्या केल्या तरी कोष्टकात २,१८७ घरे होतात आणि एकेका घराच्या वाट्यास जेमतेम दोन-तीन माणसे येतात. म्हणून कोष्टकाऐवजी सूत्र लागते. इतर सहा घटक समान मानले तर सातव्याचा परिणाम किती, हे ते सांगते.

अर्थात जे मोजलेच नाही त्याचा हिशेब कोणतेही सूत्र देत नाही. फिशर यांच्या शंकेतील हा अंश आजही खरा आहे. परंतु अज्ञात कारणाकडे बोट दाखविणाऱ्याने ते किती मोठे असावे लागेल हेही सांगितले पाहिजे. असे माप नसलेल्या शंकेपायी सावधगिरीचा इशारा लांबला, तर त्याची किंमत रुग्णांना मोजावी लागते.