पडद्यावरची सखू

॥ रामकृष्णहरि ॥

सखूचे आख्यान ठाऊक नाही असा वारकरी सापडायचा नाही. कऱ्हाडची ती सखू; घरात छळ मांडलेली सासू; कृष्णेच्या पाण्याला गेली तेव्हा दिसलेली दिंडी; पंढरीची ओढ; आणि मग घरी ओढून आणून खांबाला करकचून बांधलेले ते हात. पुढे भगवंताची करणी काय वर्णावी! सखूचे रूप घेऊन तो सावळा स्वतः आला, तिला मोकळे केले, वारीला धाडले आणि तिच्या जागी आपण बांधून घेतले. कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस निघण्याचे दिवस आले की आमच्या वरूड-मोर्शीकडे हे आख्यान हटकून लागते. कथा इथवर आली की मंडपातल्या बाया डोळ्यांना पदर लावतात.

आज मात्र त्या सखूची नव्हे, तर सखूचे सोंग घेतलेल्या बाईची कथा सांगावयाची आहे. ती बाई म्हणजे नटी हंसा वाडकर. वारकऱ्यांच्या मासिकात सिनेमातली नटी कशाला, म्हणून काहींच्या कपाळाला आठी पडेल. पडो. आमचे मागणे एवढेच की शेवटपर्यंत वाचावे आणि मग निवाडा करावा.

आमच्या लहानपणी वरूडला यात्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा येई. एके वर्षी 'संत सखू' आला. चित्रपट जुना, फीत घडोघडी तुटायची, आवाज खरखरायचा. तरी बाया चपला बाहेर काढून आत बसल्या होत्या. सखूला बांधले तेव्हा तंबूत हुंदके ऐकू आले, आणि खेळ सुटल्यावर कित्येकींनी त्या पांढऱ्या कापडालाच हात जोडले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याच बाया बोलत होत्या, की ती नटी कोणत्या घरची, कशी वागते, काय पिते. ज्या हातांनी नमस्कार केला त्याच हातांनी बोटे मोडली. तेव्हा आम्हांस त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे आम्ही कीर्तनाला उभे राहू लागलो. नटींच्या नावाने दोन टोमणे मारले की मंडपात हशा पिकतो, हेही आम्हांस कळले. तो हशा आम्ही वर्षानुवर्षे घेतला. तो का सोडला, ते पुढे येईलच.

हंसाबाईंचा जन्म १९२३ सालचा, मुंबईचा. पाळण्यातले नाव रतन, आडनाव साळगावकर. घराणे कलावंतांचे, मागच्या पिढ्यांतल्या बायांनी गाण्याबजावण्यावर संसार ओढलेला. वडील व्यसनी, घरात चणचण. पोरीने शिकावे, संसाराला लागावे, असे दिवस तिच्या वाट्याला आलेच नाहीत. १९३६ साली, जेमतेम तेरा वर्षांची असताना, 'विजयाची लग्ने' या चित्रपटात तिला उभे केले. घराण्याचे आडनाव सिनेमात नको म्हणून साळगावकर मागे राहिले आणि रतनची हंसा वाडकर झाली. बघा हो, पोरीची कमाई घरात चालते, पण तिचे नाव घराण्याला चालत नाही! या कथेतली पहिली दोरी इथेच बांधली गेली.

पुढे कोवळ्या वयातच तिचे लग्न झाले. लग्नानंतर चूल सांभाळावी, मूलबाळ व्हावे, मुखावरचा रंग पुसून टाकावा, अशी तिची फार इच्छा होती. पण घर तिच्याच मिळकतीवर चाललेले. पतीने काम सोडू दिले नाही. कामावर पाठवायचे आणि कामावर गेली म्हणून संशय घ्यायचा, असा तो दुधारी संसार होता. एक मुलगी झाली. तिच्यावर आईचा जीव, परंतु आईचे दिवस आणि रात्री मात्र स्टुडिओच्या हाती.

त्या काळी मुंबईला मालाडला हिमांशु राय व देवीकाराणी यांची बॉम्बे टॉकीज ही नामांकित कंपनी होती. तिथे १९३९ साली 'नवजीवन' या हिंदी बोलपटात हंसाबाई नायिका झाल्या. मग पुण्याच्या प्रभात कंपनीचे बोलावणे आले.

प्रभातचे नाव वारकऱ्यांनी विसरू नये. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी पुढे पुण्याला आली. तिने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला, १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' काढला. विष्णुपंत पागनिसांचा तुकोबा आजही लोकांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिस शहरी त्या चित्रपटाचा गौरव झाला. हे चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीच्या हातचे. एक ब्राह्मण, एक मुसलमान, आणि दोघांनी मिळून ज्ञानोबा-तुकोबा गावोगाव पोचविले. पंढरीची वाट सर्वांना मोकळी, याचे निराळे निरूपण ते काय करावयाचे!

या दोघांनी राजा नेने यांच्यासह १९४१ साली 'संत सखू' काढला. 'संत तुकाराम' मध्ये जिजाई रंगविणाऱ्या गौरीबाई इथे सासू झाल्या आणि सखू झाल्या हंसाबाई. वय अवघे अठरा. देवानेच सखूचे रूप घेतले म्हटल्यावर चेहरा तोच. खांबाला बांधलेली सखूही हंसाबाई आणि तिच्या रूपाने राबणारा पांडुरंगही हंसाबाईच! तो चेहरा भाबडा, सोसलेला, पण लाचार नव्हे. असे रूप नुसत्या शिकवणुकीने येत नाही. ज्या घरात राबावे लागते आणि ज्या घरातून निघता येत नाही, ते घर त्या पोरीला आधीच पाठ होते.

१९४४ साली प्रभातच्याच 'रामशास्त्री' मध्ये त्या होत्या. १९४७ साली राजकमल कलामंदिराचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. त्याचे दिग्दर्शन बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांचे, लेखन ग. दि. माडगूळकरांचे, रामजोशी झाले जयराम शिलेदार. सोलापूरचे रामजोशी म्हणजे आम्हां कीर्तनकारांचे जवळचेच. शास्त्री-पुराणिकांच्या घरात जन्मून तमाशाच्या नादी लागले आणि उत्तरायुष्यात डफ ठेवून कीर्तनाला उभे राहिले. या कथेत हंसाबाई झाल्या बया तमासगिरीण. सखू पाहून हात जोडणारा महाराष्ट्र बया पाहून वेडा झाला. मराठीत तमाशाप्रधान चित्रपटांची रीत पडली ती या चित्रपटापासून.

लगेच १९४९ साली 'संत जनाबाई' मध्ये त्या जनी झाल्या. बया झालेल्या बाईला जनी शोभेल काय, असे कोणास वाटले असेल. पण जनी तरी कोण होती हो? नामदेवांच्या घरची दासीच ना! दळणकांडण करणाऱ्या बाईचे दुःख कोणत्या साडीत आहे यावर ठरत नाही. १९५० साली 'पुढचं पाऊल' मध्ये पु. ल. देशपांडे यांच्याबरोबर त्यांनी काम केले. आणि १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला, तो पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. तीन दिवाळ्या लोकांनी त्या तिकीटखिडकीपाशी पाहिल्या म्हणा ना!

इतकी कीर्ती, मग सुख किती? त्याचा हिशेब मात्र निराळा आहे. घरातला जाच असह्य झाला तेव्हा एकदा त्या रागाच्या भरात दुसऱ्या एका गृहस्थाबरोबर निघून गेल्या. त्याने नेले मराठवाड्यातल्या एका खेड्यात. पाहतात तो घरात आधीच्या बायका नांदत आहेत! घर भरलेले, शेतीभाती मोठी, पण बाईमाणसाने उंबरठा ओलांडायचा नाही. जिच्या खेळाला शहरोशहरी गर्दी लोटे, ती परक्या वाड्यात कोंडली गेली आणि रांधण्याउष्टी काढण्यात दिवस घालवू लागली. पडद्यावर भोगलेला तो खांब आता खराखुरा उभा राहिला. शेवटी कसेबसे पत्र धाडले, तेव्हा पती येऊन घेऊन गेले. पण सुटकेच्या त्या वाटेवरही, ज्या अधिकाऱ्याच्या हाती सुटकेचा कागद होता, त्यानेच तिच्या असहायतेचा गैरफायदा घेतला, असे त्या पुढे स्वतः सांगून गेल्या आहेत. याहून अधिक लिहिण्यास आमची लेखणी धजत नाही.

सखूच्या वेळी देव धावला. इथे कोणी आले नाही. घर होते, नवरा होता, कंपन्या होत्या, लाखो प्रेक्षक होते. तिच्या जागी घटकाभर उभे राहणारे कोणी नव्हते. मद्याची सवय लागली, ती वाढत गेली. घर पुन्हा तुटले. अखेरच्या वर्षांत एका सहकारी नटाची तेवढी सोबत राहिली. कामे कमी झाली, शरीर खचले.

आणि अशा वेळी या बाईने एक अवघड काम केले. आपले सारे आयुष्य तिने सांगून टाकले. ते प्रथम 'माणूस' मधून आले आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' या नावानेच पुस्तक झाले. त्याचे शब्दांकन केले अरुण साधू यांनी. साधू आपल्या वऱ्हाडातले, जन्म परतवाड्याचा. पुढे थोर कादंबरीकार झाले. हंसाबाईंनी त्यात दुसऱ्यांचे दोष सांगितले, तसे स्वतःचेही सांगितले. पीत होते ते पीत होते, चुकले तिथे चुकले. सारवासारव नाही, रडगाणे नाही. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. पन्नाशी गाठण्याआधीच त्यांचा अंत झाला. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्या पुस्तकाच्या आधारे 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला. त्यातल्या कामासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ते पुस्तक आमच्या हाती फार उशिरा आले. पहाटे काकड्याच्या आधी वाचायला घेतले आणि संपवूनच उठलो. आमच्या त्या टोमण्यांची आणि त्या हशाची फार शरम वाटली. ज्या बाईने आमच्या आयाबायांना सखू दाखविली, तिच्याच नावावर आम्ही मंडपात टाळ्या मिळविल्या होत्या. त्या दिवसापासून ते टोमणे बंद केले.

हंसाबाईंना संत म्हणा, असे आमचे म्हणणे नाही. त्यांनीही तसे कधी म्हणवून घेतले नाही. पण आपल्या संप्रदायाची रीत काय आहे? मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेची मुलगी कान्होपात्रा. तिच्या घराची चौकशी पांडुरंगाने केली नाही, आपल्या राउळातच तिला जागा दिली. भाविक तिच्यासमोर मान लववितात. जिथे देवाने कुळ विचारले नाही, तिथे विहिरीवर आणि व्यासपीठावर ते विचारणारे आपण कोण?

अलीकडे सखूचे आख्यान लागले की शेवटी आम्ही एवढे जोडतो. वारीला निघण्यापूर्वी आपापल्या घरात एकदा फिरून पाहावे. कोणाची कमाई घेऊन तिलाच बोल लावला जात आहे काय? माहेरी, बाजारात, देवळात जाण्याची कोणा सुनेला, लेकीला बंदी आहे काय? असेल तर तो सखूचाच खांब समजावा. तिच्या जागी उभे राहणे हे देवाचे काम. ते आपल्याने होणार नाही. पण दोरी सोडणे आपल्या हाती आहे. ती आधी सोडावी आणि मग खुशाल पंढरीची वाट धरावी.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥