प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे पिंडाने संशोधक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ गाठले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तथापि १९२० मध्ये ते पुन्हा तेथे गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १९२३ मध्ये त्यांनी डी. एस्सी. ही पदवी संपादन केली.

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. ही उणीव हेरून बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात महाविद्यालय सुरू केले. गरीब, दलित घरांतील मुलांना कलेसोबत विज्ञानाचेही दार उघडले. भिक्खू नागसेनांना निर्भीडपणे प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे, मिलिंदाचे, नाव पुढे त्याला लाभले. संशोधनाचा आरंभ प्रश्नातूनच होतो, हेच जणू त्यातून सूचित झाले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी याच शहरात मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. दीर्घ नामांतर लढ्यानंतर, १४ जानेवारी १९९४ रोजी, या संशोधकाचे नाव विद्यापीठाला मिळाले.