झाडू हाती घेतलेला सेनापती

।। श्रीगुरुदेव दत्त ।।



दत्तजयंतीच्या अंकासाठी दरवर्षी चार ओळी लिहून पाठवायच्या, हा माझा जुना नेम. आजवर नृसिंहवाडी, औदुंबर, गाणगापूर इथल्या वाऱ्यांविषयीच लिहीत आलो. यंदा वारी काही घडली नाही. तब्येतीने घरीच बसवले. म्हणून ठरवले, की लांबच्या क्षेत्री जाता येत नसेल, तर आपल्याच पाण्याकाठी कोणी गुरू सापडतो का ते पाहावे. आणि सापडला की!

आमचे घर ताम्हिणीला. पुण्याहून पौड मागे टाकून निघालात, की मुळशीचे पाणी डाव्या-उजव्या हाताला सारखे सोबत करते आणि ते संपता संपता घाटाच्या तोंडाशी आमचे गाव येते. गावची देवी विंझाई. आमच्या परड्यात औदुंबर आहे, त्याखाली आजोबांनी बसवलेल्या दत्ताच्या पादुका आहेत. दत्तजयंतीला तिथे पाळणा, भजन आणि महाप्रसाद असतो. नोकरीनिमित्त मी पुण्यात राहिलो, पण उत्सवाला कधी चुकलो नाही. निवृत्तीनंतर तर सगळी व्यवस्था माझ्याकडेच आली.

आता खरे सांगतो. व्यवस्था माझ्याकडे आली आणि माझा देव हरवला. शिधा किती, चूल कोण पेटवणार, पंगत कधी बसवायची, सगळे मीच बघायचो आणि सगळ्यांवर मीच ओरडायचो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वाढप्या पोराच्या हातून आमटीचे भांडे कलंडले, तर मी भर पंगतीत त्याला नाही नाही ते बोललो. पोरगा रडत घरी गेला. त्याच रात्री मला घेरी आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि सहा महिने विश्रांती सांगितली. रोज चालायचे आणि चिडायचे नाही, एवढेच पथ्य. चालणे जमले. न चिडणे कुठल्या गोळीने येते, ते मात्र त्यांनी लिहून दिले नाही.

त्या सक्तीच्या विश्रांतीत वाचनालयातून जे हाती येईल ते वाचत होतो. त्यात सेनापती बापटांचे चरित्र आले. लहानपणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून मुळशी सत्याग्रहाचे नाव ऐकले होते. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरून हजारदा गेलो होतो. पण माणूस माहीत नव्हता.

कोणी म्हणेल, दत्ताच्या अंकात हा राजकारणातला माणूस कशाला? त्यांना मी अवधूताची आठवण करून देतो. त्याने चोवीस गुरू केले, त्यांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, अजगर आहे, पिंगला आहे. ज्याच्याकडून शिकायला मिळाले तो गुरू. मग ज्याने आमच्या खोऱ्यातल्या गरिबांसाठी आयुष्याची सात वर्षे तुरुंगात घातली, तो पंचविसावा का नसावा?

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. घरची परिस्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असतानाच त्यांनी देशसेवेची शपथ घेतली. पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर १९०४ साली विलायतेला गेले आणि एडिंबरोत यंत्रशास्त्र शिकू लागले. तिथे एका भाषणात त्यांनी इंग्रजी राज्याचे वाभाडे काढले. शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकरांची गाठ पडली. पॅरिसला जाऊन त्यांनी बाँबची विद्या मिळवली आणि १९०८ साली ती घेऊन मायदेशी परतले. लवकरच धरपकड सुरू झाली, तेव्हा चार-एक वर्षे अज्ञातवासात काढली. इंदूरला पकडले गेले, पुढे सुटून पारनेरला आले. पोलिसांची पाळत होतीच.

इथपर्यंतची हकीकत वाचून मी म्हटले, हा जहाल क्रांतिकारक, आपला याचा काय संबंध? पण पुढचे पान उलटले आणि थबकलो.

विलायतेहून शिकून आलेला हा माणूस पहाटे उठून पारनेरचे रस्ते झाडू लागला. शौचकूप साफ करू लागला. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतल्या मुलांना शिकवायचे, आजाऱ्यांची सेवा करायची, संध्याकाळी गावाला प्रवचन सांगायचे, असा दिनक्रम ठेवला. १९१४ साली मुलगा झाला. त्याच्या बारशाला जेवणाची पहिली पंगत त्यांनी कोणाची बसवली? ज्यांना गावात कोणी पंगतीला घेत नव्हते, त्यांची. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे गाव आणि ब्राह्मणाचे घर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्याची किंमत कळेल. पुढे पुण्याला नोकरीसाठी आले, टिळकांच्या मराठा पत्रात काम केले, पण हातातला झाडू सुटला नाही. १९२० साली मुंबईत झाडूवाल्या कामगारांनी संप केला, तेव्हा बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. झाडणाऱ्याची कंबर कशी दुखते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

आता आमच्या मुळशीकडे येतो.

निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे आणि ते पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात भिऱ्याला सोडून मुंबईसाठी वीज करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. जमीन सरकारने संपादन करून द्यायची. पन्नासच्या आसपास गावांची शेते, घरे, देवळे पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर भात पिकवणारे हे खोरे. मावळ्यांना जमीन सोडवेना. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. शेकडो मावळे, त्यांत बायकासुद्धा, कामाच्या जागी जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि बापट या लढ्याच्या अग्रभागी होते. काही काळ काम थांबलेदेखील. इथेच लोक बापटांना सेनापती म्हणू लागले. ही पदवी कुठल्या दरबाराची नव्हे, भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या माणसांनी दिलेली.

पण लढा सरळ चालला नाही. इथल्या पुष्कळ जमिनी सावकारांच्या नावावर होत्या. कसणारा कूळ वेगळा, मालक वेगळा. नुकसानभरपाईचा पैसा दिसू लागला तसा सावकारांना लढ्याचा कंटाळा आला. मोठमोठी मंडळी एकेक करून बाजूला झाली. सेनापती गेले नाहीत. तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा मुळशीचे गाऱ्हाणे गावोगाव, घरोघर सांगत फिरले, पुन्हा आत गेले. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये, आपल्या मार्गशीर्षातच, धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवण्याच्या कारवाईत त्यांना अटक झाली. त्या वेळी त्यांच्या हाती शस्त्र होते, हे मी लपवत नाही. गांधीजींच्या अहिंसेत ते बसणारे नव्हते आणि त्यावर तेव्हाही मतभेद झाले. ते बरोबर की चूक, हे मी घरी बसून ठरवणार नाही. मात्र त्याची किंमत त्यांनी स्वतः भरली, दुसऱ्याला पुढे करून आपण मागे राहिले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली.

ते तुरुंगात असतानाच इकडे धरण पुरे झाले. गावे बुडाली. आज घाटात सहलीला येणारी मंडळी ज्या निळ्या पाण्याचे फोटो काढतात, त्याच्या तळाशी कोणाची तरी चूल आहे, कोणाचे तरी तुळशीवृंदावन आहे.

मला वाटले होते, इतकी हार पत्करून माणूस कडू होऊन बाहेर येईल. १९३१ साली ते सुटले. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी भाषणांबद्दल पुन्हा शिक्षा ठोठावली गेली. दुसऱ्यांदा सुटले तेव्हा १९३७ साल उजाडले होते. तुरुंगाबाहेर काय चालले आहे, याची चिंता करून करून दुसरा कोणी खचला असता. सेनापतींचे लिहिणे-वाचणे आणि चिंतन चालूच राहिले. योगी अरविंदांचे अवघड लेखन त्यांनी मराठीत आणले. पंच्याहत्तरीला टेकले होते, तेव्हा मे १९५५ मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीबरोबर नानासाहेब गोरे यांच्या जोडीने गोव्याच्या हद्दीत शिरले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही होतेच. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. वय ८७.

पावसाने भरत नाही आणि उन्हाने आटत नाही, म्हणून अवधूताने समुद्राला गुरू केले. सेनापतींचे मन तसे कशाने राहिले असेल, याचा मी अंथरुणावर पडून पुष्कळ विचार केला. माझ्या अल्पबुद्धीला एवढेच उमगले, की ज्याने पहाटे उठून गावाची घाण काढली, त्याला दिवसभर कोणी मान दिला काय आणि अपमान केला काय, फार खाली पडायला जागाच उरत नाही. सगळ्यांत खालचे काम त्याने आधीच आपले म्हणून घेतलेले असते. मी उत्सवाचा प्रमुख होतो, पण उष्टी काढायला कधी वाकलो नव्हतो. म्हणून पोराच्या हातून आमटी सांडली, तर मला ती माझ्या इभ्रतीवर सांडल्यासारखी वाटली.

बरे वाटू लागल्यावर पहिले काम केले. त्या पोराच्या घरी गेलो, त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. तो लाजून आत पळाला, पण पुढच्या उत्सवाला वाढायला आला. दुसरे काम, रोज पहाटे औदुंबराचा पार आणि तिथून रस्त्यापर्यंतची वाट झाडायला घेतली. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, ते त्यातच होते. सौभाग्यवती सुरुवातीला हसली. आठ दिवसांनी म्हणाली, की तुमचा आवाज खाली आलाय हो.

तिसरे काम सोपे नव्हते. आमच्याकडे सरपण आणून देणारी, मांडव घालणारी कातकरी मंडळी वर्षानुवर्षे शेवटच्या पंगतीला जेवत. कधी कधी तोवर खीर संपलेली असे. दोन वर्षांपूर्वी मी पहिली पंगत त्यांची बसवली. त्यांनाच इतका संकोच, की हात धरून पाटावर बसवावे लागले. आमच्या भावकीत कुरकुर झाली. माझा एक चुलतभाऊ, लहानपणापासून माझ्याबरोबर पाळण्याची दोरी धरणारा, न जेवता निघून गेला. गेल्या वर्षी आलाच नाही. त्याच्यावाचून पाळणा हलवताना माझ्या घशात आवंढा होता, हेही सांगायला हवे. जुना मी असतो, तर भावाला चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो, नाहीतर त्याच्यासाठी पंगत पुन्हा मागे नेली असती. आता या दोन्हींतले काहीच करवत नाही.

पंगत पहिलीच राहील. पण सावकार निघून गेले, तरी मावळ्यांच्या दारी पुन्हा पुन्हा जाणारा माणूस मी वाचला आहे. म्हणून यंदा एकादशीलाच भावाच्या घरी जाणार आहे, अक्षत घेऊन. येईल तर त्याच्या हाती पाळण्याची दोरी देईन. नाही आला, तर पुढच्या वर्षी पुन्हा जाईन.

वाचकहो, आपण उत्सवाला कधी ताम्हिणीच्या बाजूला आलात, तर पाण्याकाठी घटकाभर थांबा आणि त्या बुडालेल्या गावांना हात जोडा. मग आमच्याकडे प्रसादाला या. पाने उचलायला माणसे नेहमीच कमी पडतात, दोन हात जास्त झाले तर बरेच आहे.

।। अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ।।